मंगळसूत्रांची ओळखपरेड

सरला बोकील आमच्या भगिनी मंडळात कोणाला फारशी आवडायची नाही, हे आधीच सांगून टाकते. उगाच मैत्रिणीचं कौतुक चाललंय असं कोणी म्हणायला नको. बाई कलकत्त्यातच जन्मलेली, मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी, आणि बोलायला अशी ताठ की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. शाळेत तिच्या शिक्षांचा मोठा बोलबाला होता. मुलीला वर्गाबाहेर उभं करायची तर आधी सांगायची, तास संपेपर्यंत. तास संपला की स्वतः दार उघडून तिला आत घ्यायची आणि मग त्या चुकीचा विषय पुन्हा कधी काढायची नाही. दुसऱ्या एखाद्या बाईंनी त्या मुलीला नंतर टोमणा मारलाच, तर सरला त्या बाईंशी भांडायची.

मी शकुन. हाजरा रोडच्या मागच्या गल्लीत सरला आणि तिचे यजमान श्यामराव खाली राहायचे, मी वरच्या खोलीत. माझे यजमान बँकेत होते. पुण्याहून बदली होऊन आम्ही इथे आलो आणि तिसऱ्याच वर्षी ते गेले. बँकेनं मला टायपिस्टची नोकरी दिली, म्हणून मी राहिले. मंडळातल्या बायका मला ‘बिचारी’ म्हणायच्या आणि हळदीकुंकवाच्या दिवशी स्वयंपाकघरात कामाला लावायच्या. असो.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू होती. रस्त्यावरचे दिवे बंद, खिडक्यांना काळे कागद. सरला शिकवणी आटपून येत होती. ट्रामच्या थांब्याजवळ मागून कोणीतरी हात घातला आणि गळ्यातलं मंगळसूत्र ओढून नेलं. मानेवर चांगला काचा पडला होता. चेहरा दिसायचा प्रश्नच नव्हता, अंधार गुडुप. श्यामराव खिदिरपूर बंदरात कस्टममध्ये होते, कायद्याचे भारी भोक्ते. त्यांनी त्याच संध्याकाळी ठाण्यावर जाऊन तक्रार लिहवली.

महिन्याभरात माणूस सापडला. बऊबाजारात एका सोनाराकडे ते मंगळसूत्र विकायला गेला होता. काळे मणी आणि दोन वाट्या बघून सोनाराला संशय आला, कारण असला दागिना बंगाली बायका घालत नाहीत. त्यानं आरडाओरडा केला. पोलीस यायच्या आत रस्त्यावरच्या लोकांनी आपला हात साफ करून घेतला. उजव्या हाताची तीन बोटं मोडली. सुबल मंडल त्याचं नाव, तिशीचा, पंख्याच्या कारखान्याला टाळं लागल्यापासून घरी बसलेला. ‘मला सापडलं’ एवढंच तो म्हणत राहिला.

सब-इन्स्पेक्टर घोषाल बरा माणूस होता. त्याची मुलगी सरलाच्या वर्गात होती. तो घरी येऊन सगळं समजावून गेला. चोरीचा माल नुसता पुढे ठेवून ‘हा तुमचाच ना’ असं विचारायचं नसतं. तशाच तीन-चार वस्तूंमध्ये मिसळून तो मॅजिस्ट्रेटसमोर मांडायचा आणि फिर्यादीनं आपला उचलून दाखवायचा. याला म्हणायचं ओळखपरेड. चेहरा कोणी पाहिलेला नाही, तेव्हा सगळा खटला त्या एका परेडवर. घड्याळ असतं तर चार घड्याळं कुठूनही मिळाली असती. दोन वाट्यांची मराठी मंगळसूत्रं कुठून आणायची? त्यानं पितळेची करवून नेली, तर मॅजिस्ट्रेटनं हाकलून दिलं. एक जुनं सोनं आणि शेजारी चकचकीत पितळ, आंधळासुद्धा ओळखेल म्हणाले. तेव्हा दिदिमणींनी, म्हणजे शाळेच्या बाईंनी, आपल्या ओळखीच्या बायकांकडून एका सकाळपुरती तीन-चार मागून आणावीत, अशी घोषालची विनंती होती.

संक्रांतीचं हळदीकुंकू प्रेमलताबाईंकडे होतं. त्यांचे यजमान मोठ्या बँकेचे मॅनेजर, म्हणून मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. सरलानं तिथं विषय काढला. मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात कपांचा ट्रे. प्रेमलताबाई म्हणाल्या, नवरा कामावर गेलेला असताना गळ्यातलं उतरवून पोलिसांच्या टेबलावर ठेवायचं, हे काही आपल्याच्यानं व्हायचं नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत भीती होतीच. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी परत येईपर्यंत घराघरात जीव टांगणीला लागायचा. गल्लीत बॉम्ब फुटायचे, मारायच्या माणसांची नावं भिंतीवर लिहिली जायची. पण भीती होती म्हणून अक्कल गहाण टाकायची असते का?

मी दारातूनच म्हटलं, “माझं घ्या की. डब्यात नुसतं पडलंय.”

प्रेमलताबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या सरलाला म्हणाल्या, “सवाष्णीच्या मंगळसूत्राला लागून हिचं ठेवणार? परत आलं की तुलाच गळ्यात घालायचंय ते.”

सरला मान खाली घालून हातातला तिळगूळ बघत बसली. वर्गात चाळीस मुलींना गप्प करणारी बाई, पण तिथं तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. मी आत जाऊन कप विसळले. असा राग आला होता की एक कप फुटला, आणि तो प्रेमलताबाईंच्या चांगल्या सेटमधला होता याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

मग विषय मागे पडला. सरला गळ्यात साधी काळी पोत घालू लागली. घोषाल अधूनमधून विचारून जायचा, ती ‘बघते’ म्हणायची. तो माणूस जामिनावर सुटून घरी बसला असेल, असं ती धरून चालली होती. आम्ही सगळेच.

श्रावणातल्या एका रविवारी मी खाली सरलाकडे बसले होते, आणि दारात एक बाई आली. किडकिडीत, पायात चप्पल नाही, काखेत मुढीची टोपली. म्हणजे चुरमुरे विकणारी असावी असं वाटलं. ती म्हणाली, मी सुबल मंडलची बायको. सरला एकदम उभी राहिली. आता रडारड होणार, पाय धरणार, माफ करा म्हणणार, म्हणून मी मनातल्या मनात तयारीला लागले. श्यामराव पेपर बाजूला ठेवून बघायला लागले.

पण ती बाई रडली नाही. तिनं विचारलं, वस्तू ओळखायला दिदिमणी कधी येणार? जानेवारीपासून तो आत आहे. जामिनाला उभं राहायला कोणी नाही. दर वेळी कोर्टात नेतात, ओळख झाली नाही म्हणतात, पुढची तारीख देतात. बोटं वाकडीच जुळलीयत. आता खोकलाही लागलाय.

“सोडा म्हणायला आले नाही,” ती म्हणाली. “जी काय शिक्षा असेल ती होऊन जाऊ दे. कधी संपणार ते तरी कळेल.”

एवढं बोलून ती टोपली उचलून गेली. सरला दाराशीच उभी. मी तिला किती वर्षं ओळखत होते, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखी गोरीमोरी झाली होती.

श्यामराव म्हणाले, यात आपला काय दोष? आत होता हे चांगलंच झालं, तेवढ्या महिन्यांत चार बायकांचे गळे वाचले असतील. बंदरात ते रोज बघत होते म्हणे. एकाला सोडला की दुसऱ्या दिवशी दहा जणांना कळतं. शिक्षा त्या एका माणसासाठी नसतेच, बाहेर उभे राहून बघणाऱ्यांसाठी असते. माणूस वाईट नव्हता, पण बोलायला लागला की सरकारी परिपत्रक. सरलानं एवढंच विचारलं, की बाहेरच्यांनी नक्की काय बघितलं? त्याला शिक्षा झालेली कोणी बघितलेली नाही, कारण ती अजून झालेलीच नाही. श्यामरावांनी पेपर पुन्हा उघडला.

दुसऱ्या दिवशी ती ठाण्यावर गेली आणि घोषालला म्हणाली, मी त्याला जामीन राहते. घोषाल आणि त्याचा हवालदार दोघंही हसले. फिर्यादीनंच चोराला जामीन राहायचं, असं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. सुटायचं तर परेड होऊ दे आणि खटला लागू दे, दुसरी वाट नाही.

त्या संध्याकाळी ती जिना चढून माझ्या दारात आली.

“शकुन, तुझं दे.”

मी तिला सोडली नाही. म्हटलं, आता आठवण झाली होय? तेव्हा माझं अपशकुनी होतं, आज सोन्याचं झालं? ती सगळं ऐकून घेत उभी राहिली. मग म्हणाली, “तेव्हा मलाही नकोच होतं. प्रेमलताबाई बोलल्या आणि मी बोलले नाही, एवढाच फरक.”

मी डबा काढून दिला.

पण एकानं भागणार नव्हतं. मंडळात पुन्हा तोंड वेंगाडायला सरला तयार नव्हती. तेव्हा मीच म्हटलं, विधवांकडे जाऊ, त्यांना कसली भीती उरलीय? खिदिरपूरला गोदीतल्या एका कारकुनाची विधवा होती, तिनं चहा टाकता टाकता कपाटातून काढून हातात ठेवलं. बागबाजारच्या श्यामलाकाकूंची तिसरी पिढी कलकत्त्यात, त्यांचं मराठी अर्धं बंगालीच. त्यांनी तर दोन दिली, एक स्वतःचं आणि एक सासूचं. कशाला हवं तेसुद्धा नीट विचारलं नाही. चोराच्या कामाला येतंय म्हटल्यावर हसल्या मात्र खूप.

बागबाजारातून परत येताना आमची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी अडवली गेली. चार-पाच तरुण होते. त्या काळात नाक्यानाक्यावर असे उभे असायचे आणि कुठल्या पक्षाचे हे विचारायची सोय नव्हती. एकानं सदऱ्याखाली हात लपवला होता. कोणाच्या घरी गेला होतात, पिशवीत काय आहे, त्यानं विचारलं. माझी पाचावर धारण बसली. पिशवीत तीन घरांचं सोनं, त्यातलं एकही सरलाचं नाही. सरला शांतपणे म्हणाली, विधवांची मंगळसूत्रं आहेत, कोर्टात न्यायचीत. तो पोरगा तिच्याकडे बघतच राहिला. खोटंच वाटलं असणार, किंवा बाईचं डोकं फिरलंय असं वाटलं असणार. त्यानं रिक्षावाल्याला हातानं जा म्हणून खुणावलं.

परेडच्या सकाळी मी बँकेतून रजा काढून तिच्याबरोबर गेले. कोर्टाच्या व्हरांड्यात सुबलचा वकील भेटला. कोवळा, कोट उसना घेतल्यासारखा. त्यानं सरलाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, मॅडम, पाचातलं दुसरं कुठलंही दाखवा. ओळख चुकली की खटला खलास, माणूस आज संध्याकाळी घरी जेवेल.

मला ते एकदम पटलं. मी सरलाचा दंड धरला. “माझं उचल. खरं-खोटं करायला माझा नवरा काही वरून येणार नाही.”

ती म्हणाली, “मग तो चोर नव्हताच असं ठरेल. तो चोर आहे, शकुन. शिक्षा भोगून झालीय एवढंच मला म्हणायचंय, आणि ते मी तिथं सांगणार आहे.”

मी पुष्कळ डोकं फोडलं. म्हटलं, तुझ्या खरेपणाची किंमत तो देणार. ती म्हणाली, मॅजिस्ट्रेट माणूसच आहे, आठ महिने त्याला दिसतील. वकील बिचारा टाय चाचपत उभा होता. तेवढ्यात आत बोलावलं.

मी दाराबाहेर. उघड्या फटीतून टेबलाचा कोपरा तेवढा दिसत होता. पांढऱ्या कापडावर पाच मंगळसूत्रं ओळीनं मांडलेली. तिच्या माहेरच्या वाटीत लाख भरलेली होती आणि सासरची वाटी जरा चेपलेली, ते मला ठाऊक होतं. मी मनात देवाचा धावा करत होते की हिचा हात चुकू दे. तिचा हात माझ्या मंगळसूत्राशी थांबला. क्षणभर थांबला, हे मी शपथेवर सांगेन. मग पुढे सरकला आणि तिनं आपलं उचललं. आतून मॅजिस्ट्रेटचा लेखनिक काहीतरी मोठ्यानं वाचू लागला.

त्यानंतर खटला भराभर हलला. ओळख पटल्यावर सुबलनं गुन्हा कबूल केला. शिक्षा सुनावायच्या दिवशी आम्ही दोघी मागच्या बाकावर बसलो होतो. तो पिंजऱ्यात उभा होता. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. चोर म्हणून मनात जो कोणी उभा केला होता, तसा तो नव्हता. खांदे पडलेले, खोकला दाबायला तोंडावर ती वाकडी बोटं धरलेली. भिंतीशी त्याची बायको, आज टोपली नव्हती. चांगलं धुतलेलं लुगडं नेसून आली होती, नवऱ्याला घरी न्यायला आल्यासारखी.

सरलानं बोलायची परवानगी मागितली. मॅजिस्ट्रेटनी दिली, शिक्षिका म्हटल्यावर मानानं दिली. तिनं सांगितलं, की मंगळसूत्र माझं, नुकसान माझं, ते भरून आलंय. हा माणूस जानेवारीपासून तुरुंगात आहे. आणि खटला लांबला तो त्याच्यामुळे नाही, आमच्या बायकांनी आपली मंगळसूत्रं दिली नाहीत म्हणून. तेव्हा एवढ्यावर सोडावं.

मॅजिस्ट्रेटनी शांतपणे ऐकलं. मग निकाल वाचला. देश लढाईत असताना, अंधाराचा फायदा घेऊन बाईच्या गळ्याला हात घातला. शहरात असले गुन्हे वाढलेत. लोकांना जरब बसली पाहिजे. एक वर्ष सक्तमजुरी, आजपासून.

सरला उभीच होती. तिनं विचारलं, “आणि आधीचे आठ महिने, सर?”

ते काही रागावले नाहीत. एखाद्या हुशार पण चुकलेल्या विद्यार्थिनीला समजवावं तसं म्हणाले, “ती शिक्षा नव्हती. ती फक्त कोठडी होती.”

सुबलला इंग्रजी कळलं नव्हतं. त्यानं शेजारच्या शिपायाला विचारलं, शिपायानं कानात सांगितलं. तो पुन्हा विचारत होता, आजपासून? आजपासून? मग त्याला खाली घेऊन गेले. त्याची बायको भिंतीशी तशीच उभी राहिली. सरला तिच्याकडे जायला निघाली, तशी ती तोंड फिरवून दुसऱ्या दारानं बाहेर पडली.

अपील करावं म्हणून सरला वकिलाच्या मागे लागली. तो म्हणाला, सुबल नको म्हणतोय, त्यात पुन्हा तारखाच पडतील. घरी येईपर्यंत मी तिच्यावर धुमसत होते. एक बोट इकडे सरकवलं असतं तर काय बिघडलं असतं, हे माझ्या ओठावर होतं, पण तिच्याकडे बघून गिळलं. आजही मला तेच वाटतं. ती चुकली, आणि माझ्या ओळखीच्या माणसांत तिच्याएवढं खरं दुसरं कोणी नव्हतं. या दोन गोष्टींचा मला मेळ बसवता आलेला नाही.

घरी पोचलो तर मंडळ हजर. प्रेमलताबाई पेढे घेऊन आल्या होत्या. कोर्टाकडून आज मंगळसूत्र परत मिळणार हे श्यामरावांनी फोनवर कळवलं असणार. सगळ्या जणी ते सरलाकडून घेऊन बघत होत्या, देवापुढे ठेवून दुधानं धू, मग घाल, असा सल्लाही झाला. तेवढ्यात प्रेमलताबाई म्हणाल्या, किती झाली त्याला? मी सांगितलं, वर्ष. त्या म्हणाल्या, बरं झालं. चोरी केली, आता भोगू दे.

सरला पायातल्या चपलाही न काढता उभी होती.

“चोरीचं भोगणं आज सुरू झालं,” ती म्हणाली. “इतके दिवस तो आपलं भोगत होता. तुमचं आणि माझं.”

प्रेमलताबाईंनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि पदर सारखा केला. एकेक करून सगळ्या उठल्या, आणि जाताना कोणी कोणाला कुंकू लावलं नाही.